शिवेपर्यंतची सोबत

मला तिकडे जाऊन एकच गोष्ट विचारायची होती: ते मासे जगले का?

बायकोला हे कारण सांगितलं तेव्हा तिने निवडत असलेली मेथी बाजूला सारली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगलीहून गडचिरोली. या वयात. आणि कशाला, तर मासे जगले का विचारायला! त्यापेक्षा फोन करा की." पण फोन कुणाला करणार? ज्याला विचारायचं त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. ती यायला तयार झाली नाही. गुडघ्यांच्या गोळ्या आणि दशम्यांचा डबा मात्र तिने बॅगेत भरला.

मी आयुष्यभर सरकारी लाल गाडीवर कंडक्टर होतो. पहिली नेमणूक गडचिरोली जिल्ह्यात झाली. आमच्याकडे तेव्हा त्या नेमणुकीला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणत. आईने मला निरोप देताना असा हंबरडा फोडला की शेजारचे लोक कोण गेलं म्हणून विचारायला आले होते. त्या शिक्षेत मी सहा वर्षं काढली. परत येताना घरी आई हसत होती आणि मी गाडीत तोंड लपवून रडत होतो. जंगलाची, भाताची, त्या माणसांची इतकी सवय झाली होती, की पुढे दोन-तीन वर्षं मला उसाच्या गावात करमलं नाही. आता निवृत्त झालो, मुलीचं लग्न झालं, आणि यंदाच्या थंडीत एके दिवशी मनात आलं की जाऊन येऊ.

चंद्रपूर, वडसा

चंद्रपूरहून वडशाला जाणारी सकाळची पॅसेंजर पकडली. खिडकीबाहेर सागाचं जंगल, मध्येच उघडी जमीन, तिथे धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि धानाचे उंच पुंजणे. धान चुरायचं, म्हणजे मळणीचं, काम आता यंत्रावर होतं, तरी उडणाऱ्या भुशाचा वास तोच. मी खिडकीतून नाक बाहेर काढून तो वास घेत बसलो, तेव्हा समोरच्या बाईने विचारलं, "तब्येत बरी नाई का जी?" मी म्हटलं, बरी आहे, जुनी ओळख निघाली. तिला ते कळलं नसावं. तिने मला मूठभर पोपटाच्या शेंगा दिल्या. हे या भागातलं वालासारखं कडधान्य, उकडून मीठ लावलं की माणूस दुसरं काही मागत नाही.

वडशाच्या स्टेशनाबाहेर नाटकांचे रंगीत फलक नेहमीसारखे एकावर एक. थंडीत झाडीपट्टीची नाटकं इथूनच गावोगाव निघतात. पूर्वी त्यांचे ट्रक आमच्या गाडीपुढे चालायचे आणि बाजू द्यायचे नाहीत. मी तेव्हा त्यांच्या नावाने बोटं मोडायचो, आता एक ट्रक वळताना दिसला तर उगीचच हात केला.

वडसा ते आरमोरी बसमध्ये माझी फजिती झाली. गाडी भरली होती, दारात गर्दी. मी उठून उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "चला, मागं सरका, मागं जागा आहे!" लोक सरकलेही. खरा कंडक्टर माझ्याकडे पाहत राहिला. जित्याची खोड म्हणतात ती अशी.

आरमोरी

आरमोरीला डोमाजी भाऊंचं घर. डोमाजी भाऊ माझे पहिले ड्रायव्हर. आता सत्तरी ओलांडली आहे, एका कानाने ऐकू कमी येतं, पण गाडीचा आवाज ऐकून गिअर कोणता ते अजून सांगतात. दारातच म्हणाले, "माने, तू म्हातारा झाला बे!" आणि मला छातीशी धरलं.

जेवायला लाखोरीच्या डाळीचं वरण, नवा तांदूळ, पोपटाची भाजी आणि वर भरपूर सांबार. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी खाणावळीत "थोडा सांबार द्या" म्हटलं होतं आणि मालकाने माझ्या भातावर हिरवी जुडी आणून ठेवली होती. डोमाजी भाऊंनी ती गोष्ट सुनेला पुन्हा सांगितली. बत्तीस वर्षं हा माणूस ती गोष्ट सांगत आला आहे.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. "भाऊ, माधवनगरला जायचं आहे. त्या माणसाला शोधायचं आहे. मासेवाल्याला."

सुनेने विचारलं, कोण मासेवाला? तेव्हा मलाच सांगावं लागलं, आणि तुम्हालाही आता सांगतो.

माधवनगर म्हणजे बंगाली निर्वासितांची वस्ती. त्यांचे आईबाप फाळणीनंतरच्या हालअपेष्टांत घरदार सोडून आले, सरकारने त्यांना इथे जंगल तोडून जमिनी दिल्या. तेव्हापासून आसपासचे लोक त्या वस्तीला 'कॅम्प' म्हणतात. तिथे जन्मलेल्यांची नातवंडं शाळेत जाऊ लागली, तरी नाव कॅम्पच. आमची मुक्कामी गाडी संध्याकाळी गडचिरोलीहून निघायची, रात्री कॅम्पवर थांबायची आणि सकाळी परत फिरायची. मी नोकरीला लागून चार-पाच महिने झाले होते. जमिनीवरून काहीतरी तंटा पेटला आणि बंद पुकारला गेला. त्या संध्याकाळी माधवनगरला वळणाऱ्या फाट्यावर पंधरा-वीस जणांनी गाडी अडवली. एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, "कॅम्पचे कोण आहेत?"

कंडक्टरला ते ठाऊकच असतं. कोण कुठे उतरणार हे त्याने दिलेल्या तिकिटांवर असतं. मला कुणी दमही दिला नव्हता. विचारलं आणि मी सांगितलं, जसा साहेबाने विचारल्यावर सांगतो तसं. हातातल्या तिकिटं टोचायच्या पंचाने मी तीन माणसं दाखवली.

त्यांना उतरवलं. मारलं नाही, पण म्हणाले, पायी जा. दोघं मुकाट्याने उतरले. तिसरा माझ्याच वयाचा, त्याच्याजवळ ॲल्युमिनियमचा मोठा हंडा होता आणि हंड्यात माशांचं बी, म्हणजे बोटाच्या पेराएवढी पिल्लं. अशा पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून हे लोक तळहाताने पाणी सारखं थापटत राहतात. हात थांबला की पिल्लं मरतात. तो हंडा कमरेवर घेऊन उतरला, तरी त्याचा उजवा हात पाण्यावर चालूच होता, थप थप थप. मी दोनदा घंटी मारली आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून तो बराच वेळ दिसत होता.

डोमाजी भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, "माने, गाडीत बसलेला माणूस आपल्या घरी आलेला असते." मी त्या फेरीवरून बदली मागून घेतली. तोंड दाखवायची लाज वाटत होती. पुढे साडेपाच वर्षं त्या जिल्ह्यात होतो, पण माधवनगरच्या रस्त्याला पुन्हा गेलो नाही.

हे सगळं ऐकून झाल्यावर डोमाजी भाऊ म्हणाले, "तुले आत्ताच यायचं होतं का? दोन दिवसापासून कॅम्पची गाडी बंद आहे."

आठवडी बाजारात बसायच्या जागेवरून कॅम्पच्या भाजीवाल्याची आणि एका गावकऱ्याची बाचाबाची झाली, कुणाच्या तरी मोबाईलवर तिचे तुकडे फिरले, आणि 'बाहेरचे' हा शब्द पुन्हा बाहेर पडला. दोन हातगाड्या उलटल्या, एका बसची काच फुटली. पूर्वी बंदची पत्रकं झाडाला चिकटवलेली दिसायची. आता ती खिशात वाजतात.

डोमाजी भाऊंनी तीन-चार फोन केले आणि म्हणाले, "उद्या सांजेची गाडी सुटून राह्यली. मोहटोल्यानं सोबत देतो म्हणून सांगितलं. मीपण येतो तुह्यासंगं." मोहटोला म्हणजे फाटा आणि माधवनगर यांच्यामधलं गाव.

मोहटोला, मग माधवनगर

सोबत म्हणजे काय, हे आमच्याकडच्या लोकांना समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे पाहुणा निघाला की आपण दारात तासभर बोलतो आणि मग दार लावतो. इकडे पाहुण्याला गावाच्या शिवेपर्यंत पोचवतात. घरातलं कुणीतरी त्याच्याबरोबर चालतं, शीव आली की थांबतं, आणि तो दिसेनासा होईपर्यंत मागे फिरत नाही. तेवढ्या वाटेत पाहुण्याला काही झालं तर ते गावाला लागतं. मुक्कामी गाडीलाही लोक पाहुणीच मानायचे. आम्हाला जेवण पाळीपाळीने घरोघरचं, आणि सकाळी गाडीत शिवेपर्यंत कुणीतरी म्हातारा उगीचच येऊन बसायचा. मी त्याच्याकडे तिकीट मागत असे. गाढव होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गडचिरोलीहून मुक्कामी गाडी पकडली. गाडीवरची कंडक्टर प्रज्ञा नावाची तिशीतली मुलगी, जवळच्याच गावची. डोमाजी भाऊंना तिने वाकून नमस्कार केला, मी जुना कंडक्टर आहे हे कळल्यावर मला आपली सीट देऊ केली. मी नको म्हटलं. त्या सीटवर बसायचा माझा हक्क मी फाट्यावरच घालवला होता. फाटा त्या संध्याकाळी मोकळा होता, फक्त रस्त्याच्या कडेला टायर जळून काळी वर्तुळं उमटली होती. मी त्या जागेकडे पाहायचं टाळलं.

मोहटोल्याला साठीतली एक बाई चढली. काटक, नऊवारी घट्ट कसलेली, हातात काठी. ती थेट ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. ही मैनाबाई, गावची जुनी सरपंच. डोमाजी भाऊंना म्हणाली, "डोमाजी भाऊ, मेले नाई का तुमी अजून?" ते म्हणाले, "तुमाले पोचवाले थांबलो जी." तिने गाडी माधवनगरच्या शिवेपर्यंत पोचवली, खाली उतरली आणि जंगलाच्या वाटेने एकटी परत गेली. हे अजून आहे, मी मनात म्हटलं, हे सगळं अजून आहे.

माधवनगरला घरांपुढे केळी, दारात छोटी तळी, शिंदीच्या रसाचा गूळ शिजल्याचा वास. मुक्कामाची पाळी ज्यांची होती त्यांनी मोहरी वाटून केलेला मासा वाढला. मी खाली मान घालून विचारलं, "इथे पूर्वी माशांचं बी कोण आणायचं?"

"निताईदा," ते म्हणाले. "निताई मंडल. पण तो आजारी आहे."

जेवण अर्धं टाकून उठलो. निताई बाजेवर उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पाय सुजलेले, बोलताना धाप. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा मुक्कामी गाडीने सकाळी गडचिरोलीला जायचं, तिथे मशीनवर रक्त धुवून घ्यायचं आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परत यायचं, असं त्याचं गेलं वर्षभर चाललं होतं. गाडी बंद होती म्हणून एक पाळी चुकली होती. त्याची बायको माया म्हणाली, "उद्या नाई गेला तर मग..." आणि पदर तोंडाला लावून आत गेली. खाजगी गाडीवाले कॅम्पचं नाव काढलं की यायला तयार नव्हते.

निताईचा उजवा हात मांडीवर पडला होता. बोलता बोलता त्याचा तळहात हळूहळू खालीवर होत होता. थप, थप. त्याला स्वतःला ते कळत नसावं. मी त्या हाताकडे पाहत राहिलो आणि माझा प्रश्न विचारायचा राहून गेला. जीव जायची वेळ आलेल्या माणसाला मासे जगले का म्हणून विचारायचं? डोमाजी भाऊंनी माझी ओळख 'सांगलीचे पाहुणे' अशी करून दिली. निताईने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

फाटा

सकाळी धुकं होतं. गाडी सुरू झाली आणि प्रज्ञाचा फोन वाजला. फाट्यावर पुन्हा झाड आडवं टाकलं आहे, पोलीस दुसरीकडे गुंतलेत, वाट मोकळी होईपर्यंत थांबावं की निघावं ते तुम्हीच पाहा, असा डेपोचा निरोप. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाडीत कॅम्पची सहा-सात माणसं होती. दोघीतिघी उतरायला लागल्या. निताई उतरला नाही. तो खिडकीला डोकं टेकून श्वास मोजत होता.

"मॅडम, याले उशीर चालत नाई," माया म्हणाली.

प्रज्ञाने त्याच्याकडे पाहिलं, मग ड्रायव्हरकडे. "चला. मोहटोल्यापर्यंत तर जाऊ."

आणि तिने तिकिटं फाडली. आता पंच नाही, मशीन आहे, चिठ्ठीवर कुठून कुठे ते छापून येतं. सगळ्यांच्या चिठ्ठीवर 'माधवनगर ते गडचिरोली'. मला बत्तीस वर्षांपूर्वी मी दिलेली तीन तिकिटं आठवली. कुणी तिच्या हातातलं ते मशीन पाहायला मागितलं, तर कॅम्पचा कोण ते आपोआप कळणार होतं.

मोहटोल्याला रस्त्याच्या कडेला माणसं उभीच होती. मैनाबाई पुढे, मागे दहा-बारा जण, त्यात दोन आज्या आणि एक लेकुरवाळी. सगळे चढले. प्रज्ञाने मशीन पुढे केलं.

मैनाबाई म्हणाली, "गडचिरोली एक. माधवनगरपासून दे."

"मावशी, तुम्ही तर इथी चढल्या."

"मले दिसते कुठी चढली ते. माधवनगरपासून दे म्हणतो नं."

मागचा म्हातारा म्हणाला, "मलेपण माधवनगरपासून." मग त्या आज्या, मग ती लेकुरवाळी. प्रज्ञा प्रत्येकाला तसंच तिकीट देत गेली. तिला हे नवीन नव्हतं. मी डोमाजी भाऊंकडे वळलो. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तू फेरी सोडून पळाला म्हणून तुले माहीत नाई. तवापासून बंद असला की मोहटोला असंच करते."

फाट्यावर एक बाभूळ आडवी होती आणि वीसेक पोरं. खरं सांगतो, मला भीती वाटली. त्यांच्यातला एक दाढीवाला दाराशी आला. जागरणाने ओढलेला चेहरा, डोळे लाल. ज्या गावकऱ्याची बाजारात बाचाबाची झाली होती त्याचा हा पुतण्या, असं मागून कळलं. त्याने विचारलं, "कॅम्पचे कोण आहेत?"

शब्दही तेच. निताईचा हात थांबला होता.

प्रज्ञा म्हणाली, "तिकिटं पाहून घ्या."

मैनाबाईने आपलं तिकीट पुढे केलं. त्याने वाचलं, तिच्याकडे पाहिलं. "आजी, तुमी तर मोहटोल्याच्या."

"तिकिटावर काय लिहून आहे ते वाच."

त्याने पुढच्या म्हाताऱ्याचं पाहिलं, आजीचं पाहिलं, लेकुरवाळीचं पाहिलं. मग माझ्यापुढे आला. मी माझं तिकीट पुढे धरलं. बत्तीस वर्षं ज्या उत्तरासाठी झुरलो ते आता माझ्या तोंडात आलं. मी म्हणालो, "मी पण कॅम्पचा."

माझी बोली ऐकून पोरं चक्रावली. मागचा एकजण म्हणाला, "हा तर तिकडचा वाटते." पण आता मैनाबाई उठून दारात आली होती. आवाज चढवला नाही, काठीही उगारली नाही.

"तुह्या काकाची जागा गेली, त्याचं तुले वाईट वाटते, मलेबी वाटते. बाजाराच्या दिवशी मी येतो, बसून बोलू. पण ही गाडी मोहटोल्यानं पोचवाले घेतली आहे. शीव इथून पुढं आहे. अर्ध्या वाटेत पाहुणा उतरवला असं आमच्या गावाचं नाव कोणी घेतलं नाई अजून. तुले घ्यायचं का?"

मला वाटतं, तो चिडलेला होता तरी लाजलाही होता, आणि दोन्ही एकदम कसं दाखवायचं ते त्याला जमेना. शेवटी त्याने मागे वळून हात केला. पोरांनी बाभूळ ओढून बाजूला घेतली. एकाच्या हाताला काटा लागला आणि तो शिव्या देत होता. गाडी निघाली.

मैनाबाई शिवेवर उतरली नाही. म्हणाली, "आता आली आहे तर दवाखान्यापर्यंत येतो."

गडचिरोली

निताईला मशीनवर घेतलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. चार तास लागतात. माया जेवायला गेली, डोमाजी भाऊ बाहेरच्या बाकावर घोरत होते. मला आत बसू दिलं. डाव्या हाताला नळ्या, उजवा हात चादरीवर. चेहऱ्यावरची सूज हळूहळू कमी होऊ लागली होती.

तोच म्हणाला, "विचारा, मास्तर."

मी दचकलो. इकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. "ओळखलंस?"

"काल सांजेलेच ओळखलं. तुमी बोलले नाई, मग मीबी नाई बोललो. पाहुणे होते."

मग मी विचारलं. मासे जगले का?

तो हसला, खोकला, पुन्हा हसला. फाट्यापासून तो हंडा थापटत चालला होता. मोहटोल्याजवळ हाताची ताकद संपली. पिल्लं वर येऊन तोंडं उघडायला लागली, म्हणजे आता घटकाभराची गोष्ट. रस्त्यालगत मोहटोल्याची बोडी, म्हणजे लहान तलाव. त्याने हंडा बोडीत रिता केला आणि काठावर बसून रडला. तिथे एक तरुण सून कपडे धुवत होती. ती ओरडली, "काय टाकून राह्यला आमच्या पाण्यात?" त्याने सांगितलं. तिने कपडे तसेच टाकले, त्याला घरी नेऊन जेवू घातलं, आणि सासऱ्याला त्याच्याबरोबर माधवनगरच्या शिवेपर्यंत पाठवलं.

"ते मैनाबाई," निताई म्हणाला. "त्या साली त्यांच्या बोडीत मासे झाले. मग मी दर साली नवीन बी सोडत आलो. यंदा नाई सोडलं. हात चालत नाई."

मी त्याचा उजवा हात धरला आणि माफ कर म्हणालो. लाज वाटली नाही. त्याने हात सोडवून घेतला नाही.

दुपारी मैनाबाई मोहटोल्याला जाणाऱ्या ओळखीच्या ट्रॅक्टरवर बसून गेली. माझी आरमोरीची गाडी लागली होती, तिथून वडसा आणि मग घर. निताई डोमाजी भाऊंच्या आधाराने स्टँडवर आला, मायाला तिथल्या बाकावर बसवलं आणि त्यांच्यासह गाडीत चढला. मी म्हटलं, "अरे, तुला संध्याकाळी उलटीकडे जायचं आहे."

"शिवेपर्यंत येतो," तो म्हणाला.

गाव संपतं तिथे कठाणी नदीचा पूल आहे. पुलाच्या अलीकडे कंडक्टरने गाडी थांबवली. डोमाजी भाऊ निताईला पुन्हा स्टँडवर पोचवून मागच्या गाडीने आरमोरीला येणार होते; ते आधी उतरले, त्यांनी निताईला हात दिला. परत जायला ऑटो होता, तरी तो थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी दारात उभा होतो. कंडक्टर मागे अडकला होता, घंटीची दोरी माझ्या डोक्यावर होती आणि माझ्याच्याने तिला हात लाववेना.

"जमेल ना रे उभं राहायला?" मी विचारलं.

"जमते. आज हातात हंडा नाई," निताई म्हणाला. मग माझ्या डोक्यावरच्या दोरीकडे पाहून हसला. "मारा मास्तर घंटी. गाडीले उशीर होते."

मी दोनदा घंटी मारली. पूल ओलांडून गाडी वळेपर्यंत ते दोघं तिथेच उभे होते.